कराटे शिकण्यापूर्वी

[कराटे शिकण्याची हौस अनेक मुलामुलींना असते. पण वर्गात नाव घालण्यापूर्वी काय पाहावे, काय विचारावे आणि स्वतःची कोणती तयारी करावी, हे थोड्यांनाच ठाऊक असते. या पाठात ती माहिती सोप्या भाषेत दिली आहे.]



पुण्याहून सिंहगडाकडे निघालात, की वाटेत खडकवासला लागते. तेथे मुठा नदीवर जुने धरण आहे. धरणाच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १६ जानेवारी १९५५ रोजी या संस्थेचे उद्घाटन झाले. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. पूर्वी येथे फक्त मुलांनाच प्रवेश होता. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

अशा तरुणतरुणींविषयी वाचले, की तुम्हांलाही वाटत असेल, आपणही बळकट व्हावे, कोणाला भिऊ नये. मग रस्त्यावर कराटेच्या वर्गाचा फलक दिसतो. फलकावर उंच लाथ मारणाऱ्या खेळाडूचे चित्र असते. तुम्ही घरी येऊन अम्मी-अब्बांकडे फीचे पैसे मागता. थांबा! पैसे मागण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घ्या.

प्रथम कराटे म्हणजे काय ते पाहू. हा शब्द जपानी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ते’ म्हणजे हात. हातात कोणतेही शस्त्र न घेता स्वतःचे रक्षण करण्याची ही कला आहे. तिचा जन्म जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आंको या गुरूंनी ती तेथील शाळांमध्ये नेली. त्यांचे एक शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे शाळामास्तर होते. १९२२ साली त्यांनी टोकियो येथे कराटेची प्रात्यक्षिके करून दाखवली. तेव्हापासून ही कला जपानभर आणि पुढे जगभर पसरली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की फुनाकोशी लहानपणी अशक्त होते, वारंवार आजारी पडत. म्हणजे आधी बळ आणि मग कराटे असा क्रम नाही. आज तुम्ही किडकिडीत असाल, तरी शिकायला हरकत नाही.

आता एक गंमत पाहा. जपानी शब्द ऐकून कराटे फार परके वाटते. पण महाराष्ट्रात कुस्तीची जुनी परंपरा आहे आणि कुस्तीच्या भाषेतले कितीतरी शब्द तुमच्या उर्दूच्या घरचे आहेत. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे जेथे पहिलवान मेहनत करतात ती जागा. उर्दूतला ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला. जोर, पहिलवान, खुराक, कुस्ती हे शब्दही तुम्हांला ओळखीचे वाटतील. तालमीत नवा मुलगा आला, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी डाव शिकवीत नाहीत. आधी जोर-बैठका काढायला लावतात, हौद्यातली माती खणायला लावतात. मुलगा टिकतो का, ऐकतो का, हे ते पाहतात. कराटेतही तसेच आहे. तालमीला तेथे ‘दोजो’ म्हणतात आणि वस्तादांना ‘सेन्सेई’. पहिले काही महिने तुम्हांला उभे राहणे, पाऊल टाकणे आणि मूठ वळणे एवढेच शिकवतील. त्याचा कंटाळा करू नका.

वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी सारे जण किंचित वाकून एकमेकांना अभिवादन करतात. त्याला ‘रेई’ म्हणतात. कुस्तीत दोन मल्ल आधी सलामी देतात, तसेच हे आहे. ही पूजा नव्हे. “मी तुझ्याबरोबर शिकणार आहे, तुला इजा करणार नाही,” असा त्याचा अर्थ आहे. तरीही घरच्या मोठ्या माणसांना याविषयी काही शंका असेल, तर त्यांनी प्रवेशापूर्वीच शिक्षकांशी बोलावे. समजूतदार शिक्षक मार्ग काढतात.

कराटेचा सर्वांत मोठा धडा मात्र मारण्याचा नाही, हात आवरण्याचा आहे. तो समजण्यासाठी पुन्हा खडकवासल्याच्या धरणाकडे पाहा. १९०३ साली अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत येईतो ते बंद राहत. पातळी वाढली की उघडत आणि उतरली की पुन्हा मिटत. पाण्याचे बळ तेच, पण ते आवरलेले. याच पाण्याचे दुसरे रूपही पुण्याने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यातील नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली. बळ आवरलेले असेल तर ते कामाला येते. सुटले तर घरे वाहून नेते. माणसाच्या हातापायांतले बळही असेच असते.

याचे एक खरे उदाहरण ऐका. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला. ही स्पर्धा २०२० ची, पण ती २०२१ साली भरली. ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोवरील पुरुषांच्या गटाचा अंतिम सामना होता. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादे समोरासमोर होते. हामेदी ४–१ असा पुढे होता. सुवर्णपदक जणू त्याच्या हातात होते. तेवढ्यात त्याने उंच लाथ मारली. ती फार जोरात बसली. गंजजादे बेशुद्ध पडला, त्याला उचलून बाहेर न्यावे लागले. पंचांनी विचार केला आणि हामेदीला बाद ठरवले. सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या गंजजादेला मिळाले, हामेदीला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. असे का झाले? या प्रकारच्या स्पर्धेत प्रहार वेगाने करायचा, पण समोरच्याला इजा होणार नाही इतका आवरायचा, असा नियम आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानात, एका क्षणाच्या बेभानपणामुळे सोने गेले. मग वर्गातल्या मित्राला जोरात मारून तुम्ही काय मिळवाल?

आता वर्गाची निवड कशी करावी, ते सांगतो. नाव घालण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन एक-दोन दिवस वर्ग नुसता पाहा. चांगले शिक्षक कधी नाही म्हणत नाहीत. जे शिक्षक पालकांना दारातही उभे राहू देत नाहीत, त्यांच्या वर्गात जाऊ नका. वर्ग पाहताना स्वतःला हे प्रश्न विचारा : शिक्षक मुलांना नावाने ओळखतात का? लहान आणि मोठी मुले वेगळी केली आहेत का? जमीन सपाट आहे का? खडी, काच, निसरडी फरशी तर नाही ना? कोणी पडले तर प्रथमोपचाराची पेटी आहे का? शिक्षक मुलांना शिव्या देतात का, मारतात का? शिस्त वेगळी आणि मारहाण वेगळी. मुलींच्या पालकांनी वर्गाची वेळ, येण्याजाण्याचा रस्ता आणि शिक्षिका आहेत की नाहीत, हेही पाहावे.

पैशांविषयीही आधीच स्पष्ट विचारावे. महिन्याची फी किती? पोशाखाचे किती? पट्ट्याच्या परीक्षेची फी वेगळी आहे का? ती परीक्षा वर्षातून किती वेळा होते? शिक्षकांनी स्वतः कोठे आणि किती वर्षे शिक्षण घेतले? हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. “सहा महिन्यांत काळा पट्टा देतो,” असे कोणी सांगितले, तर तेथून परत फिरा. काळा पट्टा मिळवायला नियमित सराव करूनही साधारणपणे चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पोशाखाचीही घाई नको. कराटेच्या पांढऱ्या पोशाखाला ‘गी’ म्हणतात. पहिला महिना सैल सदरा-पायजमा चालेल का, असे विचारा. टिकलात तर मग पोशाख घ्या. पेटीत घडी घालून पडलेल्या पोशाखाचा कोणालाच उपयोग नाही.

ज्या मुलींना डोके झाकून सराव करायचा असेल, त्यांनी संकोच करू नये. जागतिक कराटे संघटनेच्या नियमांत त्यासाठी मान्यता आहे. मात्र कापड टाचण्यांनी अडकवलेले नसावे. टाचणी स्वतःला किंवा दुसऱ्याला टोचते. टोकियो ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या फेरियाल अब्देलअझीझ हिने कराटेत सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ती तिच्या देशातील पहिली स्त्री ठरली.

तुमच्या शरीराचीही तयारी हवी. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणे किंवा नुकतेच मोडलेले हाड असे काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगा. लपवू नका. जेवण वर्गापूर्वी निदान दोन तास आधी करा. नखे कापा. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातला ताईत किंवा साखळी काढून ठेवा. पाण्याची बाटली बरोबर न्या. रमजानमध्ये रोजे ठेवत असाल, तर शिक्षकांना तसे सांगा. त्या दिवसांत हलका सराव करावा, लढतीचा सराव टाळावा आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच बसावे.

विटा आणि फळ्या फोडण्याची चित्रे पाहून कधीही घरी भिंतीवर ठोसे मारू नका. तुमची हाडे अजून वाढत आहेत. वाढत्या हाडांच्या टोकांजवळचा भाग मऊ असतो. त्यावर पुन्हा पुन्हा आघात झाला, तर हाडाच्या वाढीला अपाय होऊ शकतो. मुरगळले तर कापडात बर्फ गुंडाळून शेका आणि तो भाग हलवू नका. ओढून-ताणून, चोळून ‘बसवून’ घेऊ नका. डोक्याला मार लागला आणि चक्कर, उलटी किंवा गुंगी आली, तर सराव तेथेच थांबवून दवाखान्यात जा. “मी घाबरट ठरेन” या भीतीने दुखणे लपवणारा मुलगा शूर नसतो.

पहिल्या काही महिन्यांत काय शिकाल? कराटेचे तीन भाग आहेत : किहोन, काता आणि कुमिते. किहोन म्हणजे मूळ क्रिया. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरावीक क्रमाने केलेल्या हालचाली. कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरचा लढतीचा सराव. साधी मूठच घ्या. चारही बोटे घट्ट मिटा आणि अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर ठेवा. अंगठा मुठीच्या आत राहिला, तर ठोसा बसताच तोच मोडतो. मनगट सरळ ठेवा. ठोसा हाताने मारतात असे वाटते, पण खरे बळ पायांतून आणि कमरेतून येते. म्हणूनच आधी उभे राहायला शिकवतात.

शोतोकान या शैलीत नवशिक्यांना जो काता शिकवतात, त्याचे नाव ‘हेइयान शोदान’. त्यात २१ हालचाली आहेत. ‘हेइयान’ या शब्दात शांततेचा, तुमच्या भाषेतील ‘अमन’चा अर्थ आहे. मारामारीच्या कलेतल्या पहिल्या धड्याचे नाव शांतता असावे, याचा विचार करा. फुनाकोशी यांची शिकवणही हीच होती, की कराटे जाणणारा कधी पहिला वार करीत नाही.

पट्ट्यांविषयी दोन शब्द. सुरुवातीचा पट्टा पांढरा असतो. पुढचे रंग शैलीप्रमाणे बदलतात. पट्टा तुम्ही किती शिकलात हे दाखवतो, तुम्ही किती शूर आहात हे नाही. मित्राचा पट्टा आधी बदलला, तर वाईट वाटून वर्ग सोडू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्ग आणि घरी रोज पंधरा-वीस मिनिटे सराव, असे निदान सहा महिने करून पाहा. मगच कराटे आवडते की नाही, ते ठरवा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. चित्रपटात एकटा नायक दहा गुंडांना लोळवतो. ते गुंड पगारावर पडत असतात. खऱ्या रस्त्यावर तसे होत नाही. कोणी चाकू काढला, किंवा दोघे-तिघे अंगावर आले, तर मोठ्याने ओरडा, जेथे माणसे असतील तेथे पळा आणि मोठ्या माणसांना सांगा. पळून सुरक्षित घरी येणे हाच तेव्हाचा विजय आहे. पैसे किंवा दप्तर मागितले, तर देऊन टाका. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पाठ करा. शाळेत कोणी चिडवले, म्हणून कराटे दाखवायला जाऊ नका. तुमच्या ठोशाने दुसऱ्याचा दात पडला किंवा डोळा गेला, तर तो परत येत नाही. अंगाला हात लागेल, पळायला जागा नसेल, तेव्हाच स्वतःला सोडवण्यापुरते बळ वापरावे.

मग कराटेचा रोजच्या आयुष्यात उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. वेळेवर उठण्याची सवय लागते. पाठ ताठ होते, श्वास वाढतो. वर्गात उत्तर द्यायला उभे राहताना पाय कापत नाहीत. पडलात तरी पुन्हा उठता. आणि ज्याला आपले बळ माहीत असते, त्याला ते दाखवत फिरण्याची गरज वाटत नाही.

तेव्हा मित्रांनो, या आठवड्यात घरच्यांना घेऊन एक वर्ग पाहून या. वर सांगितलेले प्रश्न एका कागदावर लिहून न्या. उत्तरे पटली तर नाव घाला. न पटली तर दुसरा वर्ग पाहा. तोवर रोज सकाळी दहा जोर आणि वीस बैठका काढायला कोणाची परवानगी लागत नाही आणि फीही लागत नाही.

शब्दार्थ

प्रात्यक्षिक – करून दाखवणे
अभिवादन – सलाम, नमस्कार
हौदा – कुस्ती खेळण्याची मातीची जागा
लोंढा – पाण्याचा जोराचा प्रवाह, सैलाब
आवरणे – काबूत ठेवणे
बाद ठरवणे – नियम मोडल्यामुळे खेळातून काढणे
अपाय – नुकसान
नवशिका – नुकताच शिकू लागलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘कराटे’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या धरणावर काय बसवले?
(इ) मूठ वळताना अंगठा कोठे ठेवावा?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुढे असूनही हामेदीला सुवर्णपदक का मिळाले नाही?
(आ) कराटेचा वर्ग निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?
(इ) तालीम आणि दोजो यांत कोणते साम्य आहे?

३. ‘तालीम’ या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा. असे वेगळ्या अर्थाने वापरले जाणारे आणखी तीन शब्द शोधा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : परत फिरणे, समाधान मानणे, मार्ग काढणे.

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या तालमीला, व्यायामशाळेला किंवा कराटेच्या वर्गाला मोठ्या माणसांबरोबर भेट द्या. तेथे पाहिलेल्या गोष्टी मराठीत दहा ओळींत लिहा.